होडीतून बांध दिसत नाही

एंकहॉइझनच्या बंदरात होडीत पाय ठेवण्याआधी मामांनी नळाच्या पाण्याच्या दोन बाटल्या भरून घेतल्या. एक प्यायला, एक ब्रशला.

“समुद्राच्या पाण्यात ब्रश बुडवायचा नसतो,” ते म्हणाले. “भाट्याच्या किनाऱ्यावर एकदा बुडवला होता. वॉश धड वाळेना, आणि वाळला तेव्हा आभाळभर मिठाची खर आली.”

मी त्या वेळी काही बोलले नाही. मामांनी जन्मभर रत्नागिरीच्या शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्तीनंतर ते पहिल्यांदाच माझ्याकडे नेदरलँड्समध्ये आले होते. ट्युलिपच्या बागा, पवनचक्क्या यांतलं काही त्यांना नको होतं. विलेम बास्तियान टोलेन नावाचा चित्रकार ज्या पाण्यावर आपली नौका घेऊन हिंडला, ते पाणी त्यांना बघायचं होतं. मी बांधांचं काम करते, म्हणजे समुद्र आणि नदी अडवणारे बांध किती वर्षं टिकतील, कुठे खचतील, याची गणितं. त्यामुळे ते पाणी मलाही रोजचं होतं. फक्त दोघांच्या डोळ्यांसमोरचं पाणी एक नव्हतं, हे आदल्या रात्री टोलेनच्या चित्रांचं पुस्तक उघडलं तेव्हाच कळलं होतं. वाद तिथे सुरू झाला आणि होडीत पुढे चालू राहिला.

टोलेनची ओळख मराठी वाचकाला असण्याचं कारण नाही. डच चित्रकार म्हटलं की रेम्ब्रांट, फर्मीर, व्हॅन गॉग एवढ्यावर आपण थांबतो. टोलेन १३ फेब्रुवारी १८६० रोजी ॲमस्टरडॅमला जन्मला आणि काम्पेनमध्ये वाढला. आयसल नदी झॉइडरझेला मिळायची त्या मुखाजवळचं हे गाव. झॉइडरझे म्हणजे दक्षिणेचा समुद्र, देशाच्या पोटात शिरलेली उथळ खाडी. यान फूरमान हा त्याचा तिथलाच मित्र, पुढे आयसल नदीचा चित्रकार म्हणून नावाजलेला. दोघेही शिकायला ॲमस्टरडॅमच्या अकादमीत गेले. नंतर टोलेनने काही काळ शाळेत चित्रकला शिकवली.

“ड्रॉइंग मास्तर,” मामा त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले होते, आणि बराच वेळ त्यांनी ते पान उलटलं नाही.

त्याला खरा गुरू भेटला तो पॉल गाब्रिएल. गाब्रिएल तेव्हा ब्रसेल्सला राहायचे, पण चित्रं काढायला हॉलंडच्या पोल्डरांत, म्हणजे पाणी उपसून मिळवलेल्या सखल जमिनींत, यायचे. हेगच्या चित्रकारांना तेव्हा करड्या रंगाचं फार वेड होतं. ढगाळ आभाळ, ओलसर हवा, सगळ्यावर राखेसारखा एक पातळ थर. गाब्रिएलना ते पटत नसे. आपला देश करडा नाही, ढगाळ दिवशीसुद्धा नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. पोल्डरातल्या कालव्याकाठच्या पवनचक्कीचं त्यांचं जुलै महिन्यातलं चित्र राइक्सम्युझियममध्ये आहे. त्यातलं हिरवं आणि निळं इतकं स्वच्छ आहे, की बाजूची चित्रं धुवायची राहिलीत असं वाटतं. टोलेन ही नजर घेऊन हेगला आला आणि आयुष्यभर बाहेर बसून रंगवत राहिला. जंगलातल्या गोठलेल्या तळ्यावर स्केटिंग करणारी माणसं, वाळूचे ढीग, बंदरं, कालवे. आणि मग त्याने नौका घेतली. तिचं नाव युडिया.

“ग्रीक शब्द आहे,” मी शीड ओढत म्हटलं. “अर्थ निवांत हवा. वारा पडलेला, पाणी शांत. मामा, मला त्याचं हेच पटत नाही.”

“नाव पटत नाही?”

“नाव, आणि चित्रंही. काल तुम्ही पानं उलटत होतात तेव्हा मी मोजत होते. बंदरात उभ्या होड्या, वाळत घातलेली शिडं, आरशासारखं पाणी. हा समुद्र असा नव्हता. १९१६च्या जानेवारीत, १३ आणि १४ तारखेच्या मधल्या रात्री, वायव्येचं वादळ आलं आणि उत्तर हॉलंडचे बांध जागोजाग फुटले. मार्केन, तेव्हाचं बेट, इथून दक्षिणेला आहे. तिथे एका रात्रीत सोळा माणसं गेली. एवढ्याशा बेटावरची सोळा. त्या वेळी टोलेन पंचावन्न वर्षांचा होता, याच पाण्याचा माणूस होता. त्या रात्रीचं काय आहे त्याच्या चित्रांत?”

मामा पुढे नाळेपाशी बसले होते. मांडीवर पॅड, गुडघ्याला टेकवलेली रंगपेटी.

“त्या रात्री तो होडीत नव्हता,” ते म्हणाले.

“तेच तर. हवा चांगली असेल तेव्हा निघायचं, वारा चढला की बंदरात परतायचं. मासेमाराला तशी सोय नसते. हौशी नौकेतून दिसलेला समुद्र हा अर्धाच समुद्र.”

मामांनी लगेच उत्तर दिलं नाही. ते भांडायला सावकाश असतात, शाळेतही असेच असावेत. होडी बंदराच्या तोंडातून बाहेर पडत होती. डावीकडे द्रोमेदारिसचा जुना बुरूज मागे सरकला, आणि पाण्याचा रंग एकदम उघडा झाला.

“तुला साक्षीदार हवाय,” शेवटी ते म्हणाले. “काय झालं ते सांगणारा. तसाही चित्रकार तुमच्याकडे झाला ना? सतराव्या शतकातला, आरमाराबरोबर जायचा तो.”

थोरला विलेम फान दे फेल्दे. डच आणि इंग्रज आरमारं एकमेकांवर तोफा डागत असताना हा माणूस छोट्या गलबतात बसून लढाईच्या मध्ये कागदावर जहाजं टिपत असे. १६६६च्या चार दिवसांच्या लढाईत तो हजर होता. आपल्या मोठ्या चित्रांत त्याने स्वतःला, त्या गलबतात बसून रेखाटताना, दाखवलंही आहे. पुढे तोच इंग्लंडला गेला आणि दुसऱ्या चार्ल्स राजाच्या पगारावर राहिला.

“हो,” मी म्हटलं, “आणि मला तो जास्त प्रामाणिक वाटतो. कुठलं जहाज कुठे होतं, कोणाची डोलकाठी मोडली, त्याच्या कागदावरून आजही सांगता येतं. इतिहासकार ते वापरतात.”

“आणि त्या लढाईत त्या दिवशी पाणी कुठल्या रंगाचं होतं?”

“त्याची चित्रं तर शाईची. रंग नव्हताच.”

“तेच म्हणतोय. त्याचं काम हिशेबाचं होतं, चोख हिशेबाचं. मोठा माणूस. पण त्याला समुद्र हवा होता तो जहाजं उभी करायला. टोलेनला जहाजं हवी होती ती समुद्र किती सपाट आहे हे दाखवायला. दोघेही होडीतच बसलेले. होडीत बसलं म्हणून एकच गोष्ट दिसते असं नाही.”

हे वाक्य माझ्या मनात राहिलं. पुढे तासाभराने मीच ते दुसऱ्या वाटेने त्यांना परत दिलं.

बंदरापासून अर्ध्या तासावर आम्ही शीड उतरवलं आणि नांगर टाकला. पाणी इथे जेमतेम चार मीटर खोल. झॉइडरझे सगळाच असा उथळ, म्हणून इथल्या बॉटर होड्या सपाट बुडाच्या. कोकणातल्या माणसाला ती होडी प्रथम विचित्र वाटते. खाली कणा नाही. त्याऐवजी दोन्ही बाजूंना लाकडाच्या मोठ्या फळ्या पंखांसारख्या टांगलेल्या, वाऱ्याने होडी आडवी घसरू लागली की एक फळी पाण्यात सोडायची. मामांनी बंदरात एका जुन्या बॉटरची फळी हाताने चाचपून बघितली होती.

त्यांनी रेखाटायला घेतलं. दूरचा काठ, चर्चचा मनोरा, दोन शिडं. पाच मिनिटांत मनोरा कागदावर डावीकडे होता आणि समोर उजवीकडे गेला होता.

“हललीस का तू?”

“होडी फिरतेय. नांगर नाळेला बांधलाय. वारा जरा फिरला की होडी नांगराभोवती फिरते आणि सगळं दृश्य तिच्याबरोबर.”

मामांनी ब्रश खाली ठेवला. आणि मग ते काहीतरी शोधू लागले, असं मला दिसलं. जमिनीवर चित्रकार एकदा बसला की बसला. सूर्य सरकतो, सावली सरकते, पण घर जागचं हलत नाही. होडीत घरही हलतं. डोळा लाटेबरोबर वर जातो, खाली येतो. हातातली रेघ थरथरते. त्यामुळे तपशिलाला धरून बसणं शक्यच नसतं. जे हलत नाही तेवढंच आधी पकडायचं, आणि होडीतून न हलणारी एकच रेघ असते, ती क्षितिजाची. मामांनी नवा कागद घेतला आणि पूर्ण रुंदीभर एक ओला पट्टा ओढला, आभाळाचा. त्याखाली दुसरा, पाण्याचा. मनोरा मागाहून, जिथे येईल तिथे.

“बघ,” ते म्हणाले, “म्हणून त्याच्या चित्रात शांतता आहे. तू म्हणतेस हवा चांगली होती म्हणून. मला वाटतं हात स्थिर नव्हता म्हणून. डुलणाऱ्या होडीत बसून माणूस खळबळ कशाला काढेल? ती त्याच्या बुडाखाली चालूच असते. तो स्थिर काय आहे ते शोधतो.”

हे मला अपेक्षित नव्हतं, आणि मी तसं कबूलही केलं. होडीतून रंगवणारा टोलेनच्या आधी फ्रान्सचा दोबिन्यी होताच. त्याने १८५७ साली जुन्या होडीवर खोली बांधली आणि ओआज नदीवर ती तरंगती चित्रशाळा घेऊन तो हिंडला. पण नदीच्या काठाशी बांधलेली होडी वेगळी, आणि वाऱ्यावर मोकळी फिरणारी वेगळी.

“मग आता माझ्या बाजूने एक सांगते,” मी म्हटलं. “तुमचा डोळा पाण्यापासून किती उंच आहे?”

मामांनी वाकून बघितलं. “हात-सव्वा हात... नाही, जास्त.”

“सव्वा मीटर धरा. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे एवढ्या उंचीवरून क्षितिज सुमारे चार किलोमीटरवर असतं. तोच माणूस मोठ्या समुद्रबांधावर उभा राहिला तर दहा किलोमीटरवर जातं. इथून दहा किलोमीटरवरचं गाव घ्या. त्याचा खालचा तीन मीटर भाग पाण्याच्या फुगवट्याआड गेलेला असतो. आता सांगा, त्या तीन मीटरमध्ये काय होतं?”

“काय?”

“बांध. बराचसा बांध. जुन्या काळचे बांध काही आजच्यासारखे उंच नव्हते. वरची घरं दिसतात, झाडांचे शेंडे, मनोरा. पण ते ज्याच्या जोरावर उभे आहेत ते दिसत नाही. टोलेनच्या चित्रांत गावं पाण्यातून थेट उगवल्यासारखी दिसतात ना? काल तुम्ही त्याला स्वप्नासारखं म्हणालात. ते स्वप्न नाही, मामा, भूमिती आहे. होडीतून बांध दिसत नाही. शेकडो वर्षं माणसांनी चिखल वाहिला, विलोच्या फांद्यांच्या गाद्या विणून बुडवल्या, त्यावर दगड रचले. तेवढंच नेमकं त्याच्या डोळ्यांतून निसटतं.”

मामांनी पॅडवरून मान वर केली आणि काठाकडे पाहिलं. मीही पाहिलं. दूर फ्रीसलँडच्या बाजूला काही ठिपके पाण्यावर सुटे तरंगत होते, एकमेकांना न जोडलेले.

“खरंच सुटे आहेत,” ते म्हणाले.

“पण ते उलटही आहे,” मला थांबवेना. “बांधाच्या आत, पोल्डरात उभं राहिलं तर पाणी दिसत नाही. जमीन पाण्याहून खाली. गाई चरताहेत आणि त्यांच्या मागून, गवताच्या वरून, एक शीड सरकत जातं. होडी नाही, पाणी नाही, नुसतं शीड. मी इथे आले त्या पहिल्या वर्षी हे बघून रस्त्यात थांबले होते. म्हणजे आतल्याला समुद्र दिसत नाही आणि बाहेरच्याला बांध दिसत नाही.”

“आणि तुला दोन्ही दिसतं?”

“मला नकाशावर दिसतं.”

“नकाशावर वारा नसतो,” मामा म्हणाले. टोमणा नव्हता तो. त्यांनी नुसतं सांगितलं.

एक गोष्ट मात्र त्यांनी माझ्याकडून हट्टाने समजून घेतली: लांबचं पाणी आभाळाच्या रंगाचं आणि होडीलगतचं गडद का दिसतं. पाण्याकडे सरळ वरून बघितलं तर प्रकाशाचा अगदी थोडा भाग परत फिरतो, नजर आत जाते, खालचा चिखल, हिरवट खोली दिसते. नजर जितकी तिरपी, तितकं परावर्तन जास्त. होडीत बसलेल्याची नजर पाण्याला जवळजवळ घासत जाते, म्हणून त्याच्यासाठी लांबचं पाणी म्हणजे आभाळच असतं, थोडं मोडलेलं. बांधावरून तेच पाणी जास्त पाण्यासारखं दिसतं. मामांनी हे ऐकून काठाकडच्या पट्ट्यात आभाळाचाच रंग परत घेतला, किंचित राखाडी घालून, आणि खालच्या कडेला एकदम गडद हिरवा ओढला. कागद खोल झाला.

“चाळीस वर्षं मुलांना सांगत आलो, जवळचं गडद करा,” ते म्हणाले. “का ते माहीत नव्हतं.”

ही सलोख्याची जागा वाटेल, पण इथेच आमचं खरं बिनसलं.

मी त्यांना लेलींबद्दल सांगत होते. कॉर्नेलिस लेली, अभियंता, पुढे मंत्री. झॉइडरझे मुखाशीच बांध घालून समुद्रापासून तोडायचा आणि आत शेतजमीन करायची, हा त्यांचा आराखडा १८९१चा. सत्तावीस वर्षं तो कागदावर राहिला. १९१६चा पूर आला, महायुद्धाने अन्नाची टंचाई आली, तेव्हा १९१८च्या जूनमध्ये कायदा झाला. मग प्रश्न पडला की खाडीचं तोंड बंद केल्यावर बाहेरची भरती किती चढेल. कोणालाच सांगता येईना. त्यासाठी समिती नेमली आणि तिचं अध्यक्षपद दिलं हेंड्रिक लोरेन्ट्झ यांना, नोबेल मिळवलेले भौतिकशास्त्रज्ञ. आइन्स्टाइन ज्यांना गुरुस्थानी मानत, तो माणूस आठ वर्षं बांधाबाहेरच्या वाडन समुद्रातल्या खाड्यांची भरती-ओहोटी हाताने मोजत बसला. १९२६ला अहवाल आला, आणि बांध झाल्यावर पाणी त्यांनी सांगितलं तसंच वागलं. माझ्या क्षेत्रात यापेक्षा सुंदर काही घडलेलं मला माहीत नाही, आणि हे मी मामांना सांगितलंही.

“१९२७ला बांध सुरू झाला. बत्तीस किलोमीटर. समुद्राच्याच तळाची चिवट माती उपसून तिथेच ओतली. २८ मे १९३२ रोजी शेवटची फट बुजवली. त्या दिवसानंतर इथे कोणी समुद्राच्या पुरात बुडून मेलं नाही, मामा. १९१६चा पूर शेवटचा.”

“आणि टोलेन?”

“टोलेन ५ डिसेंबर १९३१ला हेगमध्ये गेला.”

मामांनी बोटांवर मोजलं. सहा महिनेसुद्धा नाहीत.

“म्हणजे त्याने आपला समुद्र मरताना पाहिला नाही.”

“मरताना कसला? त्याचं तळं झालं. आयसलमेर. लेलींनीही पाहिला नाही, ते १९२९च्या जानेवारीत गेले. एकाने तो बंद करायचं ठरवलं, एकाने तो रंगवला, आणि शेवटचा दिवस दोघांनाही दिसला नाही.”

“दोघांचं सारखं नाही ते,” मामांचा आवाज चढला. “लेलींचं काम पुढे झालं, त्यांच्या नावाचं शहर आहे म्हणालीस. टोलेनच्या चित्रातलं पाणी मात्र कुठेच राहिलं नाही. तू मला इथे आणलंस, त्याचं पाणी दाखवायला, आणि ते हे नाहीच. बरोबर?”

बरोबर होतं. मी ते सकाळीच सांगायला हवं होतं. बांध घातल्यावर आयसल नदी आत पाणी ओतत राहिली, ऱ्हाइनचं पाणी, आणि काही वर्षांतच मीठ निघून गेलं. झॉइडरझेत अंडी घालायला येणारी हेरिंग गेली. अँकोवी गेली, तिच्यावर किती गावं जगत होती. राहिलं ते मुख्यतः ईल. मासेमारांना भरपाई देणारा कायदा १९२५लाच केलेला होता, म्हणजे काय जाणार हे आधीपासून ठाऊक होतं. मी हे सगळं सांगितलं. लपवण्यासारखं नव्हतं, पण माझा आवाज हळू झाला होता हे मला कळत होतं.

“मग १९१६बद्दल तू त्याला विचारतेस की मेलेली माणसं कुठे आहेत तुझ्या चित्रात,” मामा म्हणाले. “मी तुझ्या लेलींना विचारतो, हेरिंग कुठे आहे तुमच्या आराखड्यात?”

“माणूस आणि मासा एका तराजूत घालताय?”

“नाही. माणसाचं पारडं जडच आहे. मी असतो तरी बांध घाला म्हणालो असतो.” ते थांबले. “पण पारडं जड आहे म्हणून दुसऱ्या पारड्यात काय होतं ते विसरायचं? ते कोणीतरी लिहून ठेवायला नको? टोलेनने तेवढंच केलं. त्याला माहीत होतं की नाही, कोण जाणे.”

“माहीत होतं,” मी म्हटलं. “विरिंगरमेर हा पहिला पोल्डर बांधाच्याही आधी, १९३०च्या ऑगस्टमध्ये कोरडा झाला. पेपरात सगळं येत होतं. आणि काम्पेनचा मुलगा होता तो. स्खोक्लांड तर त्याच्या गावासमोर.”

स्खोक्लांडबद्दल मामांना मी दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष दाखवलं, पण सांगितलं तेव्हाच, होडीत. अरुंद, लांबट बेट. समुद्र दरवर्षी त्याचा घास घ्यायचा. राहणारे सहाशे-साडेसहाशे लोक इतके गरीब आणि असुरक्षित, की १८५९ साली सरकारने बेट रिकामं करायला लावलं. घरं मोडून, लाकूड-विटा घेऊन लोक किनाऱ्यावर आले आणि त्यांतले बरेच काम्पेनच्या ब्रुनेपे भागात वसले. पुढच्याच वर्षी टोलेन जन्मला. त्याच्या बालपणीच्या गावात समुद्राने उठवलेली ही माणसं होती, मासे विकत, आपल्या बोलीत बोलत. १९४२ साली बेटाभोवतीचा समुद्र उपसून शेतजमीन केली गेली. आज स्खोक्लांड शेताच्या मधोमध आहे. किंचित उंचवटा, झाडांची रांग, एक चर्च, आणि लाकडी धक्का, ज्याच्यासमोर बटाटे आणि कांदे. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा धक्क्याच्या टोकावर उभी राहून खाली मातीकडे बघत राहिले होते. अभियंता म्हणून मला अभिमान वाटायला हवा होता. वाटलाही. पण पाय उचलत नव्हता.

हे मी मामांना सांगितलं, आणि मग कोणीच काही बोललं नाही. शिडाच्या दोरीचं टोक डोलकाठीवर टकटकत होतं.

मामांनी स्वतःचीही एक गोष्ट सोडून दिली, न विचारता. आदल्या रात्री ते म्हणाले होते की टोलेन खरा, कारण स्पॉटवर बसून काढलेलं चित्र खोटं बोलत नाही. आता त्यांनी ते मागे घेतलं. हेगच्या त्या पिढीतले सगळेच बाहेर लहान फळ्यांवर, कागदांवर रंगवायचे आणि मोठे कॅनव्हास घरी, स्टुडिओत. टोलेनही दोन्ही करायचा. “घरी आणलं की आठवण मिसळते,” मामा म्हणाले. “आठवण मिसळली की शांतता थोडी वाढते. मीही वाढवलीय. भाट्याच्या खाडीत तारकर्लीचं पाणी घातलंय मी कधी कधी.”

“मग माझा मुद्दा बरोबर?”

“थोडा. एवढाच की वादळ गाळलं म्हणून तो खोटा ठरत नाही. तुमच्या नकाशावर वादळ आहे का? ते आकड्यांत आहे, इतकी उंची, इतक्या वर्षांतून एकदा. त्यालाही गाळलेलंच म्हणायचं.”

याला माझ्याकडे आजही पुरं उत्तर नाही. आकड्यातलं वादळ मी रोज हाताळते, आणि त्याचा आवाज त्यात नसतो हे खरं आहे. पण त्या आकड्यामुळेच मार्केनच्या घरांत आता लोक जानेवारीत झोपतात. माझ्या मते टोलेनची चित्रं मार्केनच्या त्या घरांत लावली पाहिजेत, संग्रहालयात नव्हे, जिथे बांधाने काय वाचवलं आणि काय नेलं हे दोन्ही एका खिडकीतून दिसेल. मामांना ही कल्पना आवडली नाही. दमट हवेत कॅनव्हास खराब होतील, असं ते म्हणाले.

दुपार कलली. वारा पडत आला होता, पाणी तेलासारखं सपाट होत होतं. युडिया, मी मनात म्हटलं. मामांचा तिसरा कागद चालू होता आणि हा चांगला होत होता. आभाळ वरून खाली एका दमात उतरलेलं, क्षितिजावर सुटे ठिपके, बांध नाही. त्यांना फक्त खालचा गडद पट्टा एकदा धुवून पुन्हा ओढायचा होता. त्यांनी ब्रशची बाटली उचलली. रिकामी. प्यायची तर केव्हाच संपली होती.

“राहू दे,” ते म्हणाले. “घरी जाऊन करेन.”

मी त्यांच्या हातातलं प्लास्टिकचं भांडं घेतलं, होडीच्या कडेवरून वाकले आणि भरून त्यांच्यासमोर धरलं.

मामा भांड्याकडे बघत राहिले. मग त्यांनी करंगळी बुडवून जिभेला लावली.

“गोडं,” ते म्हणाले.

“गोडं.”

त्यांनी भांडं गुडघ्यांमध्ये धरलं. कागदावरचा गडद पट्टा वाळू लागला होता, कडा धरू लागल्या होत्या. त्यांनी एकदा दूरच्या ठिपक्यांकडे पाहिलं आणि ब्रश पाण्यात घातला.